शिंका, शेण आणि साबण

"आमच्या वेळी नव्हत्या हो असल्या ॲलर्ज्या!"

मराठी घरात वाढलेल्या माणसाने हे वाक्य ऐकलेलं नाही असं होणं शक्यच नाही. पुढचं भाषणही ठरलेलं असतं. आम्ही मातीत लोळलो, विहिरीचं पाणी प्यायलो, खाली पडलेली बोरं चड्डीला पुसून खाल्ली, काय झालं आम्हाला? तुम्हीच पोरांना काचेच्या कपाटात ठेवता, आणि मग ती शिंकत बसतात.

विरुद्ध पक्ष म्हणजे दप्तराला सॅनिटायझरची बाटली लटकवणारा. २०२०च्या कोविडनंतर या पक्षाचं बळ भलतंच वाढलं. फरशीला जंतुनाशक, भाजीला जंतुनाशक, खेळण्यांना जंतुनाशक... जंतू म्हणजे शत्रू, आणि शत्रू म्हणजे ठार.

आमच्या घरात दोन्ही पक्षांचे खंदे कार्यकर्ते आहेत. थोरली सात वर्षांची, तिला दमा. पाऊस संपून थंडी पडायच्या सुमारास रात्री दोन वाजता तिची छाती वाजायला लागते आणि आम्ही पंप शोधायला उठतो. धाकटा अकरा महिन्यांचा. तो सध्या गॅलरीतल्या कुंडीतली माती चवीने खातो. त्याचा हात धरायचा की नाही यावर घरात रोज चर्चासत्र भरतं. आई म्हणते, "खाऊ दे रे थोडी, घट्ट होईल." बायको म्हणते, "एकीचं चाललंय ते पुरे नाही का, आई?" म्हणजे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता वाचनाचा नाही. मी डॉक्टर नाही, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण गेले काही शनिवार-रविवार या विषयावर हाताला लागेल ते वाचतोय. त्यातून मला जे कळलं ते लिहून काढतो.

तर पहिला प्रश्न असा, की "आमच्या वेळी नव्हत्या" हे खरं, की आठवणींचा खेळ?

बऱ्याच अंशी खरं आहे. लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी १८१९ साली स्वतःच्याच नाकाडोळ्यांची तक्रार डॉक्टरांच्या सभेपुढे मांडली. दर उन्हाळ्यात डोळे चुरचुरतात, शिंकांवर शिंका येतात, धाप लागते. असे आणखी रुग्ण शोधायचा त्यांनी चंगच बांधला, आणि नऊ वर्षांत त्यांना मिळाले किती? अवघे २८! आज आमच्या ऑफिसच्या एका मजल्यावर एवढे सापडतील. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी हा उपद्रव परागकणांचा आहे हे दाखवून दिलं आणि १८७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ते स्वतःही या दुखण्याचे रुग्ण होते आणि प्रयोगही स्वतःवरच करायचे. त्यांना एक गोष्ट खटकली. परागकण सगळ्यात जास्त कोणाच्या नाकात जाणार? शेतकऱ्याच्या. पण शेतकरी शिंकत नव्हते. शिंकत होते ते शहरातले शिकलेले, खाऊनपिऊन सुखी लोक.

हे कोडं शंभराहून जास्त वर्षं तसंच पडून होतं.

१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने एक छोटासा लेख लिहिला, जेमतेम दोन पानांचा. ब्रिटनमध्ये मार्च १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांची वर्षानुवर्षं नोंद ठेवलेली होती. त्यातल्या १७,४१४ मुलांची माहिती त्याने चाळली. सोळा गोष्टी ताडून पाहिल्या. ठळकपणे वर आली ती एक: ज्याला मोठी भावंडं जास्त, त्याला हे फीव्हर कमी. शेंडेफळ सुरक्षित, पहिलटकरणीचं पहिलं पोर शिंकरं! स्ट्रॅकनचा अंदाज असा की मोठी भावंडं बाहेरून जंतू घेऊन येतात, धाकट्यांना देतात, आणि त्यातून धाकट्यांचं काहीतरी भलं होतं. कुटुंबं लहान झाली, घरं चकाचक झाली, ही देवाणघेवाण आटली. याच कल्पनेला पुढे 'हायजीन हायपॉथिसिस' हे नाव पडलं, म्हणजे स्वच्छतेचं गृहीतक. (हे नावच पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे. त्यावर येतोच.)

त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली. एरिका फॉन म्युटिउस नावाच्या जर्मन बालरोगतज्ज्ञ बाईंना आयतीच संधी मिळाली. एकच समाज, एकच भाषा, पण चाळीस वर्षं दोन वेगळ्या व्यवस्थांत राहिलेला. पूर्वेकडे कोळशाचा धूर, गंधकाची हवा. लाइपझिगसारखी शहरं काजळलेली. पश्चिमेकडे स्वच्छ, श्रीमंत म्युनिक. दमा आणि ॲलर्जी पूर्वेकडेच जास्त असणार, याबद्दल कोणाला शंकाच नव्हती. निघालं उलटं! पूर्वेच्या मुलांना ब्राँकायटिस जास्त होता, पण दमा आणि हे फीव्हर पश्चिमेकडे जास्त. पूर्वेकडे मुलं लहानपणीच पाळणाघरात जात होती, हे एक कारण सांगितलं गेलं. नंतर त्या बाईंनी आणि इतरांनी आल्प्सच्या पायथ्याची शेतकरी कुटुंबं तपासली. ज्यांचं बाळपण गोठ्याच्या आसपास गेलं त्या मुलांत दमा आणि ॲलर्जी लक्षणीय कमी आढळली. सगळ्यात जास्त फायदा कोणाला? ज्यांचा गोठ्याशी संबंध पहिल्या वर्षातच आला, किंवा आई गरोदर असतानाच आला, त्यांना.

पण मला सगळ्यात आवडला तो २०१६ चा आमिश आणि हटराइट यांचा अभ्यास. (प्रोग्रामर मंडळींना हा फार पटेल, कारण बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलली तर काय होतं, ही आमची रोजची हमाली.) अमेरिकेतले हे दोन धार्मिक समाज. दोघांचे पूर्वज मध्य युरोपातले, रक्ताने जवळचे. दोघांकडे भरपूर पोरं, दोघंही अंगावर बराच काळ पाजतात, मुलांना लसी देतात, घरात कुत्री-मांजरं घेत नाहीत. फरक शेतीत. आमिश लोक घोड्यांनी नांगरतात, प्रत्येकाचा गोठा दाराशी, पोरं लहानपणापासून तिथेच बागडतात. हटराइट यंत्रांनी सामुदायिक शेती करतात, गोठे वस्तीपासून लांब आणि तान्ह्या पोरांचा तिथे वावर नाही. इंडियानातली ३० आमिश आणि साउथ डकोटातली ३० हटराइट शाळकरी मुलं तपासली. या भागांतल्या दोन्ही समाजांच्या मुलांमध्ये दम्याचं प्रमाण आमिशांत ५.२ टक्के आणि हटराइटांत २१.३ टक्के. चौपट!

संशोधकांनी मग घरातली धूळ गोळा केली. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या आवरणातलं एन्डोटॉक्सिन नावाचं द्रव्य ६.८ पट जास्त निघालं. ती धूळ दमा होऊ घातलेल्या उंदरांच्या नाकात घातली, तर त्यांचा दमा रोखला गेला. हटराइट धुळीने तसं काही झालं नाही. लक्षात घ्या, आमिश घरं काही गलिच्छ नसतात. बाया झाडून-पुसून लख्ख ठेवतात. गोठा शेजारी असतो, एवढंच.

आता हे होतं कसं? इथे मला माझ्या धंद्यातलं उदाहरण सुचतं.

ईमेलचा स्पॅम फिल्टर कसा शिकवतात? त्याला दोन ढीग द्यावे लागतात. एक स्पॅमचा: लॉटरी लागली, वजन घटवा, नायजेरियातल्या राजपुत्राला मदत करा. दुसरा चांगल्या पत्रांचा: मामाचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, बॉसची कटकट. दोन्ही बघून तो फरक शिकतो. आता समजा तुम्ही त्याला नुसतं स्पॅमच दाखवलं, किंवा चांगली पत्रं फारच मोजकी, एकाच छापाची दाखवली. तर? ओळखीचं नसलेलं जे येईल ते स्पॅम. मामाचं पत्र कचऱ्यात!

ॲलर्जी म्हणजे नेमकं हेच. परागकण, धुळीतले किडे, शेंगदाणा, मांजराचा कोंडा, यातलं काहीही आपला जीव घ्यायला येत नाही. प्रतिकारयंत्रणा मात्र बोंब ठोकते. आणि ती वापरते काय, तर 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं. जपानी जोडपं किमिशिगे आणि तेरुको इशिझाका यांनी १९६० च्या दशकात त्यांचा छडा लावला. ही तोफ मुळात जंतांसारख्या परजीवींसाठी घडलेली आहे. जंत गेले, तोफ राहिली, आणि आता ती फुलावर डागली जातेय.

तोफखान्याला "थांब, हा आपल्यातला आहे" असं सांगणाऱ्या पेशीही शरीरात आहेत, नियामक टी पेशी. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवल्या. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यामागचा जनुक शोधला, आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं. ज्या बाळांत हा जनुक बिघडलेला असतो त्यांचं शरीर स्वतःवरच तुटून पडतं, आणि जोडीला जबरदस्त इसब आणि अन्नाच्या ॲलर्ज्याही होतात. म्हणजे सोडून देणं हे आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळं खातं आहे, आणि त्या खात्याचं बरंचसं प्रशिक्षण पहिल्या दोन-तीन वर्षांत, आतड्यातल्या आणि कातडीवरच्या निरुपद्रवी जिवाणूंच्या संगतीत होतं.

आता 'स्वच्छता' या नावाचा घोटाळा. स्ट्रॅकनला वाटलं होतं की लहानपणी आजार व्हायला हवेत. पुढच्या संशोधनात हे टिकलं नाही. गोवर, सर्दी, फ्लू यांनी ॲलर्जीपासून संरक्षण मिळत नाही. उलट तान्हेपणी सर्दीच्या विषाणूंनी छाती भरून घरघर लागली तर पुढे दम्याचा धोका वाढलेला दिसतो. २००३ मध्ये लंडनच्या ग्रॅहॅम रूक यांनी 'जुने मित्र' ही कल्पना मांडली. गोवरासारखे रोग माणसाला गर्दीच्या वस्त्या झाल्यावर लागले, म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबात काल-परवा. त्याआधी लाखो वर्षं आपल्या सोबतीला होते ते मातीतले, पाण्यातले, जनावरांचे आणि आपल्याच अंगावरचे जिवाणू. प्रतिकारयंत्रणा घडली ती यांना धरून. फिल्टरच्या भाषेत सांगायचं तर स्पॅमचा ढीग लशींनी उत्तम देता येतो. तुटवडा आहे तो चांगल्या पत्रांचा.

आणि तो तुटवडा साबणाने हात धुतल्यामुळे आलेला नाही. एकुलती पोरं, बाविसाव्या मजल्यावरचं घर, अंगणाऐवजी रबराच्या फरशीचं खेळघर, साध्या सर्दीला अँटिबायोटिक, गरज नसताना केलेलं सिझेरियन, पाकिटातलं खाणं... पुरावा यातल्या प्रत्येकाचा सारखाच भक्कम नाही, पण बोट या दिशेला आहे. सॅली ब्लूमफील्ड या स्वच्छतातज्ज्ञ बाई २००६ पासून घसा कोरडा करून सांगतायत की 'स्वच्छतेचं गृहीतक' हे नावच टाका, लोक हात धुणं सोडतील.

मला त्यांचं म्हणणं मनापासून पटतं, आणि त्याला कारण माझी आजी, वडिलांची आई. सोलापूरकडचं गाव, दाराशी म्हशी, शेणाने सारवलेलं घर, चूल, विहीर. ॲलर्जीतज्ज्ञांनी आखून द्यावं असं सगळं वातावरण! तिची बाळंतपणं आठ. मोठी झाली ती पाच. एक हगवणीने गेलं, एक घटसर्पाने, आणि एक "तापाने". कसला ताप ते कोणालाच माहीत नाही. काकांपैकी कोणाला कधी ॲलर्जी झाली नाही, हे बरोबर. पण मुलाच्या शिंकांची तक्रार करायला ते मूल आधी जगावं लागतं. "काय झालं आम्हाला?" असं विचारणारे सगळे उरलेले असतात. ज्यांना झालं, ते सांगायला आलेले नाहीत. आजीने स्वतः "आमच्या वेळी" असं गौरवाने म्हटल्याचं मला आठवत नाही.

स्वच्छतेचा उलटा परिणाम व्हायची ही पहिली वेळही नाही. पोलिओचा विषाणू पूर्वी सगळीकडेच होता. तो तान्हेपणी, आईकडून आलेली प्रतिपिंडं अंगात असताना भेटायचा आणि बहुधा निमूट निघून जायचा. युरोप-अमेरिकेत गटारं झाली, पाणी शुद्ध झालं, मग तो मुलांना उशिरा भेटू लागला आणि मोठमोठ्या साथी येऊन पोरं पांगळी होऊ लागली. हे सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. मग लोकांनी काय केलं? गटारं बुजवली? नाही. १९५५ मध्ये सॉकची लस आली, मागून तोंडाने द्यायचे थेंब आले. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. प्रगतीने एक बग आणला म्हणून कोणी जुन्या व्हर्जनला परतलं नाही, पॅच काढला.

ॲलर्जीचे पॅच निघतायत का? थोडेथोडे. सगळ्यात गाजलेला शेंगदाण्याचा. २००० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. ॲलर्जी काही कमी होईना. २००८ मध्ये त्यांनी तो सल्ला मागे घेतला. त्याच सुमारास लंडनच्या गिडिऑन लॅक यांना दिसलं की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही ॲलर्जी इस्राएलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट आहे. इस्राएलमध्ये बाळं दात यायच्या वयात शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतात! मग त्यांनी ४ ते ११ महिन्यांची, धोका असलेली ६४० बाळं घेऊन रीतसर चाचणी केली. २०१५ मध्ये निकाल आला. ज्यांना शेंगदाणा टाळायला लावला त्यांच्यातल्या १७.२ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती, ज्यांना नियमित भरवला त्यांच्यातल्या फक्त ३.२ टक्के मुलांना. चांगलं पत्र वेळेत दाखवा, फिल्टर शिकतो. (आपल्याकडे कूट नाही ती भाजी नाही, त्यामुळे ही चाचणी वाचताना मला उगीचच अभिमान वाटला. :-) पण तान्ह्याला अख्खा दाणा कधीही नको, श्वासनलिकेत अडकतो. आणि बाळाला जोरदार इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

दुसरा प्रयोग फिनलंडचा, २०२० मधला. पाळणाघरांच्या खडीच्या अंगणांत जंगलातली माती, गवत आणि कुंड्या आणून टाकल्या आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यात खेळू दिलं. अवघ्या २८ दिवसांत मुलांच्या कातडीवरच्या जिवाणूंमधली विविधता वाढली आणि रक्तातल्या नियमनाच्या खुणाही सुधारल्या. याने ॲलर्जी टळते हे अजून सिद्ध झालेलं नाही, पण दिशा आशेची आहे.

मग आमच्या घरी सध्याचं धोरण काय?

साबण राहणार. संडासातून आल्यावर, जेवणाआधी, कच्चं मटण-मासळी हाताळल्यावर, दवाखान्यातून आल्यावर, यात तडजोड नाही. पण साधा साबण. 'जंतुनाशक' छापाची गरज नाही. ट्रायक्लोसॅनसह १९ रसायनांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये घरगुती साबणांत बंदी आणली, कारण साध्या साबणापेक्षा ती सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. फरशीला नुसतं पाणी चालतं. पाणी गाळून-उकळून, दूध उकळूनच. कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस येऊ शकतो. लसी सगळ्या, वेळच्या वेळी. सर्दीला अँटिबायोटिक मागायचं नाही.

आणि माती? रस्त्याकडेची माती म्हणजे आजीच्या परड्यातली माती नव्हे. तीत कुत्र्यांची विष्ठा, गटाराचं पाणी आणि शिसं असू शकतं. पण कुंडीतल्या मातीत हात घालायला, बागेत अनवाणी फिरायला, टेकडीवर लोळायला मोकळीक. पोटात मात्र माती नको, कारण जंतांची अंडी तिकडूनच जातात. थोडक्यात आई आणि बायको दोघीही अर्ध्या-अर्ध्या जिंकल्या, त्यामुळे घरात शांतता आहे.

थोरलीचं गणित वेगळं. नातेवाईक सांगतात, तिला गावी गोठ्यात ठेवा, पंप सोडा, पंपाची सवय लागते. हे ऐकून माझं डोकं उठतं. गोठ्याचा फायदा ओळख होण्याच्या वयात मिळतो. एकदा दमा जडल्यावर गोठ्याची धूळ आणि चुलीचा धूर त्रासच देतात. शिवाय पुण्याच्या आसपास गाजरगवत बोकाळलेलं आहेच, त्याची ॲलर्जी लहानपणी मातीत खेळलेल्या शेतकऱ्यांनाही होते. आणि पंपाचं व्यसन वगैरे काही लागत नाही. त्यातलं औषध थेट फुफ्फुसात जातं, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी पुरतं. तिचं रोजचं औषध चालू आहे, ती सायकल चालवते, झाडावर चढते, भांडते.

दिवाळीत दहा दिवस सासुरवाडीला जाणार आहोत. तिथे दोन गाई, एक कालवड आणि मागे मोठं परडं आहे. धाकट्याला रोज सकाळी गोठ्याशी न्यायचं असं ठरलंय, थोरलीने लांबून बघायचं. सामानाची यादी कालच केली. ओआरएसची पाकिटं आणि पंप दोन्ही वरच्या कप्प्यात, रात्री अंधारात हाताला लागतील असे.